राखणीची कुत्री

शिकार मंडळाचे पत्र असे सांगते: शनिवारी तिन्हीसांजेला, खाजगी जमिनीवर, जमीनमालकाच्या लेखी परवानगीने चाललेल्या कोल्ह्याच्या शिकारीत एक बेवारस, मोकाट कुत्रे नजरचुकीने मारले गेले. मालकाला आगाऊ सूचना दिलेली होती. मंडळाला खेद आहे.

आता या बेवारस प्राण्याचा वारसा पाहू. कुत्रीचे नाव सुगी. साताऱ्याकडची, तांबडी, उभ्या कानांची. लसींचे दाखले आणि मानेत चिप घेऊन ती विमानाने आली. तिचा मालक वासुदेव, त्याच्या स्वतःच्या व्हिसाच्या कागदांना तिच्या कागदांपेक्षा जास्त दिवस लागले होते. गळ्यात चार बोटे रुंद नारिंगी पट्टा. जर्मनीतल्या एर्लांगेन शहरापासून अर्ध्या तासावरच्या या गावात पट्टा घातलेला कोल्हा अद्याप कोणाच्या पाहण्यात नाही.

आणि मोकाट? वासुदेवची बायको कुंदा माणदेशातली. तिच्या माहेरी राखणीचे कुत्रे दिवसा बांधतात आणि कडूस पडताना, दिवेलागणीला, रानात सोडतात. इथे दीड एकर रान घेतल्यावर तिने मेथी पेरली, कोंबड्या पाळल्या. कोल्ह्याने आठ नेल्या. सुगीला सोडू लागल्यापासून एकही गेली नाही. ज्या कोल्ह्यासाठी बंदूक निघाली, त्याला रानाबाहेर ठेवण्याचे काम ती कुत्री विनातक्रार करत होती. मारली गेली तीही कामावर असताना.

बार झाला तेव्हा कुंदा खुराड्याचे दार लावत होती. ती चिखलातून धावत पोचली तेव्हा सुगीचा श्वास चालू होता. मालकीण दिसल्यावर तिने शेपटी दोनदा चिखलावर आपटली. कुंदाने तिचे डोके मांडीवर घेतले. ते जड झाले तरी ती बराच वेळ उठली नाही.

गुरुवारी गावातल्या खानावळीच्या दालनात बैठक झाली. गोळी झाडणारा रायनर हाच मंडळाचा अध्यक्ष, त्यामुळे चौकशीला दूर जावे लागले नाही. कुंदा मराठीत बोलली. घरी मराठी प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देणारी तिची मुलगी इरा त्या दिवशी दुभाषी झाली.

"त्याला इचार, येवढ्या मोठ्या दुर्बिणीतनं पट्टा दिसला न्हाई व्हय? का दुर्बीण नुसती गळ्यात घालाया घेतलीय?"

इराने पहिला प्रश्न विचारला, दुसरा गिळला. रायनरने अंधुक उजेडाचे कारण दिले. शिवाय परवानगीच्या कागदातच लिहिले होते, तो म्हणाला, की त्या आठवड्यात संध्याकाळी कुत्री बांधून ठेवावीत.

कुंदाने हे उडवून लावले. घरातले जर्मन कागद नवरा वाचतो आणि मराठीत सांगतो. सोळा वर्षांच्या संसारात त्याने तिच्यापासून एक चिठ्ठी लपवलेली नाही. असा कागद असता तर तिला कळलाच असता.

"मालकांची सही दाखवा म्हनावं. मी गप बसते."

रायनरने कागद टेबलावर सरकवला. सही वासुदेवचीच होती. कुंदा शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे वळली.

"अहो, वाचला व्हता का तुमी?"

वासुदेव एका मोठ्या कंपनीत इंजिनियर आहे. जर्मन नीट समजले नाही, एवढे म्हणाला असता तरी सुटला असता. परक्याला भाषा येत नाही, यावर त्या दालनाने आनंदाने विश्वास ठेवला असता. ती सवलत त्याने घेतली नाही. तो उभा राहून मराठीत जे बोलला, त्याचे भाषांतर इराने कोणालाही करून दिले नाही:

"वाचला होता. दोनदा. तुला सांगितलं असतं तर तू सही करू दिली नसतीस. चार वर्षं या गावात राहतोय, कुंदा. सही केली त्या दिवशी यांनी मला पहिल्यांदा आपल्या टेबलाशी बसवलं, बिअर मागवली. म्हटलं, आठच दिवस आहेत, काही होणार नाही. शनिवारीही मी इथेच बसलो होतो. बार ऐकला. तू सुगीला सोडलं असशील, हे मला ठाऊक होतं. ग्लास संपवूनच उठलो."