जावेच्या बंगल्याचे फोटो

राहात्याच्या श्रीमंतशेठचं जागा-जमिनी विकायचं ऑफिस आहे. विकायला निघालेल्या घरांचे, शेतांचे फोटो त्यांना मी काढून देते, मग ते मोबाईलवर जाहिरात टाकतात. अंगण झाडून घ्यायचं, दोरीवरचे कपडे काढायचे, ऊन कललं की मोटार चालू करायची आणि पाइपातून धो धो पाणी पडताना फोटो घ्यायचा. आमच्याकडे गिऱ्हाईक घराआधी पाणी बघतं.

त्या दिवशी शेठनी पत्ता सांगितला आणि माझ्या अंगाची आग आग झाली. माझ्याच धाकट्या जावेचा बंगला, आरतीचा! तो विकून ती पुण्याला लिफ्टवाला फ्लॅट घेणार होती. वाटणीत रोडची बाजू तिला, स्लॅबचा बंगला तिचा, आता पुणंही तिलाच. आणि मी काय, बांधाच्या अलीकडे पत्र्याच्या घरात पेरू राखत बसायचं? हे मी आमच्या मालकांना सकाळ-संध्याकाळ ऐकवायचे. ते बिचारे मुकाट भाकरी खायचे.

गेले फोटो काढायला. आरतीनं आधी बंगल्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. फोटो चार लोकांत फिरणार, दृष्ट लागायला नको, असं माझ्याकडे बघून म्हणाली. मग मीही कसर ठेवली नाही. भर दुपारच्या उन्हात काढले. दोरीवरचे कपडे तसेच, भिंतीची ओल जवळून, संडासाची टाकी अगदी समोरून. मोटारीला हातसुद्धा लावला नाही. बघतेच म्हटलं, ही पुण्याला जाते कशी.

आजूबाजूच्या शिवाराचाही एक फोटो शेठना लागतो. तो मात्र मी संध्याकाळी आमच्या बागेत उभं राहून काढला. मोटार चालू, झाडांची आळी ओली, पेरूंनी वाकलेल्या फांद्या आणि पार कोपऱ्यात नखाएवढा तिचा बंगला. एकेक झाड मी माझ्या हातानं लावलेलं. बघू दे म्हटलं लोकांना, इथं खरं वैभव कुणाचं आहे ते.

आठवडा झाला नसेल, शेठ शिर्डीच्या एका हॉटेलवाल्याला घेऊन आले. त्यानं बंगल्याकडे धड बघितलंही नाही. मोबाईल समोर धरून बांध ओलांडला आणि सरळ आमच्या बागेत शिरला. फोटोतली ही जागा मला पाहिजे, म्हणाला, हिचा मालक कोण? मी तोंड उघडायच्या आत आमचे मालक पुढं झाले. बोलणं झालं, चहा झाला, उद्या त्यानं इसाराचे पैसे द्यायचं ठरलं.

पाहुणे गेल्यावर मी त्यांच्यावर धावूनच गेले. मला न विचारता माझी बाग दिलीच कशी, कुणी सांगितलं होतं विकायला, म्हणून तोंडाचा पट्टा सोडला.

"तूच की," ते तंबाखू मळत म्हणाले. "रोज तुजं एकच, आरतीसारखं आपलं नशीब कुठं हाय. लई ऐकलं. आता घिऊ तुला पुण्याला फ्लॅट."

मी खूश होईन असंच वाटत होतं त्यांना. चेहऱ्यावरून कळत होतं.

बांधापलीकडे आरती उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा बंगला तसाच राहिला होता.

"तुमचं बरंय बाई, आक्का," ती म्हणाली आणि तोंड फिरवून आत गेली.

ती लग्न होऊन घरात आल्यापासून तिच्या तोंडून एवढंच ऐकायला मी तडफडत होते. ऐकलं, आणि पेरूच्या बुंध्याला धरून हमसून हमसून रडले.