मुका टॅपेट

तुम्पालनं मोटारसायकलच्या टॅपेटचं झाकण आवळलं आणि किक मारली. जुनं इंग्रजी इंजिन खोकत सुरू झालं. व्हॉल्व्ह ढकलणारा तो टॅपेट असा कडकडायला लागला की शेजारी केळीची भजी तळणारी बाई झारा तसाच धरून वळून बघायला लागली.

"अजून मुकाच आहे," बोनार सितोरुस म्हणाले. "आणखी ढिला कर."

बोनार म्हणजे तुम्पालचे सासरे. या मोटारसायकलला साइडकार जोडून त्यांनी उभा जन्म सियांतार शहराच्या रस्त्यांवर भाडी मारली. तुम्पालला पाना धरायला शिकवलं तेही त्यांनीच. टॅपेट थोडा बोलता हवा, अगदीच मुका झाला तर व्हॉल्व्ह जळतो, हे त्यांचंच वाक्य. गेला महिनाभर त्यांची एकच तक्रार होती, की टॅपेट बोलत नाही.

बोलत कसला नाही, बोंबलत होता. साइडकारचा कोपरा चेपला होता तोही उगीच नाही. परवा भाजीबाजारात एक ट्रक हॉर्न वाजवत मागे येत होता. अख्ख्या बाजारानं ऐकलं, सासऱ्यांनी तेवढं नाही. शाळेची दोन पोरं नुकतीच उतरली होती म्हणून निभावलं. उद्या सकाळी तीच पोरं पुन्हा साइडकारमध्ये बसणार होती.

"तुम्हीच सांगा बाबांना," त्याची बायको तिऊर रडकुंडीला येऊन म्हणाली होती. "माझं ऐकतात होय ते!"

सांगणार कसं? त्यांच्या बातक लोकांत जावई हा दहावा ग्रह नसतो, नवग्रह सासऱ्याच्याच मुठीत असतात. बायकोच्या बापाला तोंडावर 'चुकताय' म्हटलं की घराची बरकत जाते, असं तुम्पालच्या आईनं त्याच्या कानीकपाळी ओरडून ठेवलं होतं.

"मामा, आणखी ढिला केला तर काहीतरी तुटेल हो," तुम्पाल त्यांच्यासमोर येऊन मोठ्यानं म्हणाला.

"का रे, शिंगं फुटली का? इंजिन तुला जास्त कळतं की मला?"

तुम्पालला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. त्यानं इंजिन बंद केलं. ते निवेपर्यंत दोघांची कॉफी झाली. मग त्यानं टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट मोजून अगदी बरोबर केली आणि पुन्हा किक मारली. टॅपेट हलका, शहाण्यासारखा टिकटिकू लागला.

"बघ! ठार मुका."

तुम्पालनं लांब स्क्रूड्रायव्हर पुसून घेतला. त्याचं टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवलं आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ सासऱ्यांपुढे धरली.

"शिकताना बाजाराच्या गोंगाटात मला काही कळेना, तेव्हा दातांतून आवाज थेट डोक्यात शिरतो म्हणत तुम्ही ही मूठ दातांत धरायला लावली होतीत. आजही मला नीट उमजेनासं झालंय, मामा. तुम्हीच बघा."

"माकडा, एवढंही जमेना?" म्हणत ते वाकले आणि त्यांनी मूठ दातांत धरली.

त्यांच्या भुवया वर चढल्या. ते ताठ झाले, कान इंजिनाजवळ नेला. परत वाकले, मूठ चावली. सोडली. पुन्हा चावली. म्हाताऱ्याचे हे चाळे बघून भजीवाली हसायला लागली. तुम्पालला तिचा मनस्वी संताप आला, पण तो खाली मान घालून पाना पुसत राहिला.

"बोलतोय," शेवटी ते म्हणाले.

"हो, मामा."

"मघाशीही बोलत होता?"

तुम्पालनं पुसलेलाच पाना पुन्हा पुसायला घेतला.

बोनार साइडकारला वळसा घालून गेले. चेपलेल्या पत्र्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"तो ट्रकवाला... हॉर्न वाजवत होता का रे?"

त्यांनी विचारल्यावर खोटं बोलणं तुम्पालच्या जिवावर आलं. त्यानं मान वर केली आणि त्यांना ओठ दिसतील अशा बेतानं सावकाश म्हटलं, "वाजवत होता, मामा."

बोनारनी मान हलवली. ते नेहमीसारखे सीटकडे वळले, हँडलला हात लावला, आणि तिथेच थांबले. मग गुडघे पोटाशी घेऊन कसेबसे साइडकारमध्ये शिरले. इतक्या वर्षांत तिथे बसल्याचं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. पोरांना टोचू नये म्हणून त्यांनीच शिवलेली गादी त्यांना फारच तोकडी पडत होती.

"बस पुढे. घरी सोड मला," ते म्हणाले.

तुम्पाल सीटवर बसला.

"आणि उद्यापासून पोरांना तू नेत जा," बोनार म्हणाले. हे ते इतक्या मोठ्यानं म्हणाले, की भजीवालीचं हसू तिथल्या तिथे विरलं.