मी धारूरच्या गल्लीत तुटलेली केबल

मी केबल बोलतेय. टीव्हीची नव्हे, इंटरनेटची. पोटात केसाएवढी काच आणि तिच्यातून धावणारा उजेड, एवढाच माझा जीव. कारखान्यात मला ताणून, पिळून, उन्हात ठेवून पाहिलं. कोयत्याखाली ठेवून मात्र कुणी पाहिलं नाही!

धारूरात किराणा दुकान चालवणाऱ्या कल्याणरावांच्या घरी मला जायचं होतं. त्यांची बायको गंगासागर अर्धांगवायूने खाटेला खिळलेली. आईचं करायला मुलगी शिवकन्या पुण्याहून आली होती आणि घरूनच नोकरी करत होती. मोबाइलच्या रेंजवर काम होईना. कंपनीने बजावलं, सोमवारपर्यंत घरी पक्की लाईन घ्या, नाहीतर पुण्याला हजर व्हा.

शिवकन्येने मोबाइलवर घराचा पत्ता टाकून पाहिलं. ‘आपल्या घरी दोन सेवा उपलब्ध’, असं झोकात उत्तर आलं. एक अमरसिंहची, दुसरी योगीराजची, दोघेही गावातले केबलवाले. अमरसिंहची लाईन निम्मे दिवस मेलेलीच असायची, म्हणून तिने योगीराजला फोन केला.

त्या मोबाइलला काय कळणार, की या दोघांनी गावातल्या गल्ल्या आपसात वाटून घेतल्यात! महादेवाच्या देवळाअलीकडे अमरसिंह, पलीकडे योगीराज. गिऱ्हाइकाला कुणी विचारलंच नव्हतं. शिवकन्येचं घर पडलं देवळाअलीकडे, तरी योगीराजला हाव सुटली. त्याने आपला लाईनमन हनुमान मला घेऊन पाठवला.

हनुमान शिडीवर चढून मला खांबाला बांधत होता, तोच अमरसिंहची माणसांनी भरलेली जीप आली.

“खाली उतर बे! ही गल्ली कुणाची हाय, ठावं न्हाई का?”

“मालकानं धाडलंय, दादा. बाईची लई अडचण हाय, येवढी लाईन वढू द्या.”

अमरसिंहने शिडीला लाथ घातली. हनुमान दगडी ओट्यावर आदळला, हात कडकन मोडला. मग त्या मोडल्या हातावरच गज पडू लागले. शिवकन्या किंचाळत धावली, “मारू नका! लाईन मी मागिवली, मला इचारा!” एकाने तिला भिंतीवर ढकललं. माझ्या अंगावर हनुमानाच्या रक्ताचे शिंतोडे उडाले. मला हात असते, तर एकेकाचा गळा आवळला असता!

अमरसिंहचा माणूस अजिनाथ शिडी पुन्हा लावून कोयता घेऊन वर चढला. उसाच्या फडात चालणारा तो हात, थांबतोय कशाला! खांबावरच्या आम्ही सगळ्या केबली दिसायला काळ्याच. त्याने मला तोडलं आणि त्याच झटक्यात अमरसिंहची स्वतःची मोठी लाईनही तोडली. सगळी गल्ली बंद पडली, अमरसिंहचा फोन खणखणू लागला. चूक अजिनाथच्या ध्यानात आली, तसा तो घाबरून बोलून गेला, “योगीराजच्या पोरांनी तोडली, मालक.”

अमरसिंहने वर मान करूनसुद्धा बघितलं नाही. तडक जाऊन योगीराजचं ऑफिस फोडलं, त्याचं डोकं फोडलं. योगीराजच्या माणसांनी अमरसिंहची जीप पेटवली आणि दिसेल त्या खांबावरची लाईनची पेटी दगडांनी ठेचली. पोलिसांनी दोघांनाही उचललं. देवळाअलीकडे नाही आणि पलीकडेही नाही, गावात कुठेच लाईन उरली नाही.

आणि सोमवार आला. शिवकन्येच्या नोकरीवरच आईचं औषधपाणी चालायचं. तिने आईला पुण्याला न्यायला टेम्पो बोलावला. कल्याणराव दुकानासाठी मागे राहणार होते.

“मला का म्हून नेता? मी हितंच मरती,” गंगासागर रडत म्हणाली. तिने चालत्या हाताने दाराची चौकट घट्ट धरली.

“जा गं. लेकीबिगर तुजं कोण करणार?” कल्याणराव म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

शिवकन्येला आईचं एकेक बोट उलगडून हात सोडवावा लागला. गल्लीत इतकी मारामारी पाहिली, पण मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

टेम्पोत खाट घसरू नये म्हणून माझाच तुटका तुकडा खाटेच्या पायाला बांधलाय. पुण्याच्या वाटेवरचं मांजरसुंबा मागे पडलं. गंगासागर डोळे मिटून पडली आहे, झोपलेली नाही. गल्ल्या वाटून घेणाऱ्या बाबांनो, माझं काय, मी काच. मशीन आणलं की पुन्हा जोडता येते. त्या चौकटीवरून सुटलेला हात तेवढा जोडून दाखवा.