चढावरची शिट्टी

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नसणार. ट्रक पाहिला असेल, त्याचं रंगवलेलं तोंड पाहिलं असेल, मागच्या फळीवरची अक्षरंही वाचली असतील. मी मात्र केबिनच्या खाली, इंजिनाला चिकटून, काळोखात बसलेला असतो. मी एका जुन्या डिझेल ट्रकचा टर्बो आहे. दिसायला म्हणाल तर एखाद्या भल्यामोठ्या गोगलगाईसारखा. पण माझ्याशिवाय ते धूड माल भरून चढ चढून दाखवू दे, मग बोलू.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. एका अंगाला ओतीव लोखंडाचं कवच, दुसऱ्या अंगाला ॲल्युमिनियमचं, आणि मधे एकाच दांड्यावर दोन पंखे. काम सांगायला सोपं आहे. इंजिन जो धूर बाहेर टाकतं, त्याच्या जोरावर माझा एक पंखा फिरतो. त्याच्याबरोबर दुसरा फिरतो, बाहेरची हवा ओढतो आणि दाबून इंजिनाला देतो. हवा भरपूर मिळाली की डिझेल नीट जळतं आणि गाडीत ताकद येते. म्हणजे इंजिन जे टाकून देतं त्यावर मी जगतो, आणि वर त्यालाच खाऊ घालतो. कौतुक करा असं म्हणत नाही, पण माहीत असावं.

आमच्या मालकांनी मला पहिल्यापासून जपलं. लांबून आल्यावर ते गाडी लगेच बंद करायचे नाहीत. दोन मिनिटं इंजिन हळू चालू ठेवायचे. तापलेलं असताना एकदम बंद केलं, तर माझं तेल थांबतं आणि मी कोरडाच फिरत राहतो. मालकांना ते ठाऊक होतं. "दमलाय बिचारा, जरा दम खाऊ दे त्याला," असं ते म्हणायचे आणि मला अगदी भरून यायचं.

पुढे मालकांची नजर अधू झाली आणि स्टिअरिंग त्यांच्या थोरल्या मुलीच्या हाती आलं. सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. कारखान्यातून फरश्या भरायच्या आणि टेकडीवरच्या गावात पोहोचवायच्या, हे तिचं रोजचं काम. मालकांचं घर बरोबर चढाच्या पायथ्याशी. सकाळी भरलेली गाडी दारावरून गेली की ते खुर्चीत बसून कान देऊन ऐकायचे. गाडीत मात्र ते पुन्हा कधी बसले नाहीत. उभी हयात ज्या गाडीचं स्टिअरिंग धरलं, तिच्यात शेजारच्या सीटवर पाहुण्यासारखं बसायचं त्यांच्या जिवावर यायचं.

आणि मग गाडी चढावर दमायला लागली. जो चढ आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये गप्पा मारत चढायचो, तिथे आधी दुसरा लागायला लागला, मग पहिला. मागून काळा धूर निघायचा. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून वाजवून जीव खायच्या. वर गवंडी हात बांधून माल येण्याची वाट बघत बसायचे. ताईने डिझेलचा फिल्टर बदलला, हवेचा फिल्टर बदलला, टाकी धुवून घेतली. ढिम्म फरक पडला नाही.

नेमकी त्याच दिवसांत एक शिट्टी ऐकू यायला लागली. बारीक, लांबलचक, गाडी चढाला लागली की वाढत जाणारी. मालकांना कोण आनंद झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते ऐकवायचे, "ऐका, आमचा टर्बो कसा गातोय. यंत्र खणखणीत आहे."

मित्रांनो, ती शिट्टी माझी नव्हती हो. माझ्यापासून हवा थंड करणाऱ्या जाळीकडे एक जाड रबरी पाइप जातो. त्याच्या खालच्या अंगाला, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, बोटभर चीर पडली होती. मी जीव तोडून हवा दाबायचो आणि ती तिथून शिट्टी वाजवत पळून जायची. इंजिन उपाशीच राहायचं. मी आणखी जोरात फिरायचो, आणखी तापायचो. वाहवा माझ्या वाट्याला आणि बोलणी ताईच्या वाट्याला. आपल्याला तोंड नाही याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

"तुझ्या पायात जोर नाही," मालक एकदा अंगणात तिला म्हणाले. "चढ बघून घाबरतेस आणि पेडल सोडतेस."

"बाबा, पेडल पार तळाला टेकलेलं असतं."

"मग गाडी का चढत नाही? टर्बो तर ठणठणीत आहे. रोज ऐकतो ना मी."

त्यांनी ठरवूनच टाकलं. पुढच्या महिन्यापासून गाडी ताईचा चुलतभाऊ चालवणार, आणि ताईने दुसरं काहीतरी बघायचं. ती चाकांतली हवा बघायच्या निमित्ताने माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि पदर नसलेल्या मुली पुसतात तसे शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. ही गाडी म्हणजे तिचा श्वास होता. तिला दुसरं काही बघायचंच नव्हतं.

आमचे मिस्त्री गुणी माणूस. त्यांनी गाडी तपासली नव्हती असं नाही. पण त्यांच्या गॅरेजातल्या खड्ड्यावर गाडी रिकामी करूनच न्यावी लागते. रिकामी गाडी, तीही एका जागी उभी. पाइपात दाब नाही, त्यामुळे चीर ओठ मिटून गप्प. शिट्टी नाही, धूर नाही. "गाडीत काही नाही ताई," असं सांगून ते हात पुसायचे. चढावर नेऊन बघा म्हटलं की त्यांना नेमकं दुसरं काम निघायचं. खरी गोष्ट अशी, की मिस्त्रींना गाडी लागते. जन्म गाड्या दुरुस्त करण्यात गेला, पण गाडीत बसले की दुसऱ्या वळणाला पोटात ढवळायला लागतं. गिऱ्हाइकाला हे कोणत्या तोंडाने सांगणार?

ताई त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "एकदा भरल्या गाडीत माझ्या शेजारी बसा. मग तुम्ही म्हणाल ते मला मान्य."

मिस्त्रींनी पळवाट काढली. "मालक बसत असतील तर मी बसतो." त्यांना वाटलं, मालक काही बसायचे नाहीत. ताईने तो निरोप घरी जसाच्या तसा सांगितला, तोही चुलतभावासमोर. मालक उसळले. "म्हणजे? मी काय भितो की काय?" झालं. दुसऱ्या सकाळी दोघेही केबिनमध्ये. मधे मालक आखडून बसलेले, खिडकीशी मिस्त्री, नाकाशी लिंबू धरून.

चढ लागला. शिट्टी सुरू झाली. मालक खूश होऊन म्हणाले, "ऐकलंत?"

मिस्त्रींनी डोळे घट्ट मिटले होते, त्यामुळे त्यांना ऐकण्यावाचून काही कामच नव्हतं. "मालक, ही टर्बोची शिट्टी नाही," ते कसेबसे म्हणाले. "हवा फुटतेय कुठेतरी." मग एक डोळा उघडून त्यांनी खाली पाहिलं. "आणि पोरीचा पाय बघा जरा."

मालकांना नीट दिसेना. ते वाकले आणि हाताने चाचपू लागले. ताईचा बूट, बुटाखाली पेडल, पेडलखाली पत्रा. मधे बोट शिरायलाही जागा नव्हती. गाडी मुंगीच्या पावलांनी चढत होती, आणि मालक तसेच वाकून, तिच्या बुटावर हात ठेवून, बराच वेळ बसून राहिले.

रुंद जागा बघून ताईने गाडी थांबवली. मिस्त्री आधी कडेला जाऊन ओकून मोकळे झाले, तोंड धुतलं आणि मग केबिनखाली शिरले. पाइपाच्या खालून हात फिरवला, तो काळा तेलकट होऊन आला. पाइप वाकवला तशी चीर उघडली. "रिकामी गाडी बघून काही नाही, काही नाही म्हणत होतो," ते पुटपुटले. "चुकलं माझं, ताई." जुन्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळून त्यांनी वरून क्लॅम्प आवळले. उरलेला चढ मात्र गाडीत बसून यायला साफ नकार दिला आणि पायीच खाली गेले.

आणि आम्ही निघालो. मी दाबलेली हवा कितीतरी दिवसांनी इंजिनापर्यंत पोहोचली. दुसरा लागला, तिसरा लागला. शिट्टी नाही, धूर नाही. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो माझ्या खोट्या कौतुकाच्या दिवसांत एकदाही झाला नव्हता.

वर पोहोचल्यावर मालक म्हणाले, "बाळा, मी घरात बसून शिट्टी ऐकत राहिलो, आणि तू इथे एकटी झगडत होतीस. गाडी तूच चालवायची."

"चालवते," ताई म्हणाली. "आधी पाण्याची बाटली द्या. घसा सुकलाय." आणि मग तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

आता नवा पाइप बसला आहे. मी जुना झालोय, अजून किती फिरेन ठाऊक नाही. म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. आमच्यासारख्यांना वेळेवर तेल द्या, स्वच्छ हवा द्या. आणि घरात कुणी म्हणालं, की मला चढ झेपत नाही, तर त्याला अंगणात रिकामं उभं करून तपासू नका. ओझं अंगावर असतानाच त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि त्याचा पाय कुठवर टेकलाय ते हात लावून बघा.