मफलरमध्ये निवणारा चंबू

मित्रांनो, या खिडकीत पेन्सिली ज्याच्यात खोचल्या आहेत, तो मी. एक जुना काचेचा चंबू. भट्टीतून निघालो तेव्हा दृष्ट लागावी इतका नितळ होतो. आता पोटात ओरखडे आहेत, आणि माझी सगळी कर्तबगारी त्या ओरखड्यांचीच.

औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. काका तिथले सर्वांत जुने रसायनतज्ज्ञ. नवं तयार झालेलं औषध मळकट असतं. काका ते माझ्यात उकळत्या पाण्यात विरघळवत, गरम असतानाच गाळत आणि सावकाश निवू देत. निवताना औषधाचे कण शिस्तीत जागा धरतात, त्यांचे स्फटिक होतात. मळ पाण्यातच राहतो. स्फटिक रुसलेच, तर काका काचेच्या कांडीने मला आतून घासत. त्या ओरखड्यावर पहिला कण टेकला की बाकीचे मागोमाग येत.

निवताना ते मला स्वतःच्या तपकिरी मफलरमध्ये गुंडाळत. टेबलाला कुणाचा धक्काही त्यांना खपत नसे.

"काका, नातवाला तरी एवढं जपता का हो?" मदतनीस ताई हसायची.

"नातू भोकाड पसरतो गं. या बिचाऱ्याला कुठे रडता येतं?"

काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. एका मोठ्या इस्पितळाकडे नमुना जायचा होता. मला गुंडाळून काका जेवायला गेले आणि प्रयोगशाळेचे साहेब आले. लिफ्ट येत असली तरी तीनदा बटण दाबणारा माणूस.

"अजून कोमटच? ताई, बर्फ आणा."

"पण काका म्हणाले होते..."

"काका जेवतायत. गाडी खाली उभी आहे."

मला बर्फात बसवलं. क्षणात पोटात पांढरा गाळ कोसळला. घाईत जमलेल्या कणांनी मळही पोटाशी धरला. मग ताईनेच मला पुसून पुन्हा मफलरमध्ये ठेवलं.

"इतक्या लवकर? आणि दाणा एवढा बारीक?" काका परत येऊन म्हणाले. "पुन्हा करतो."

"तुमच्या हातचं आहे काका, शंका कसली?" साहेब गोड हसले.

काकांनी नोंदवहीत सही केली. स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवून केलेली त्यांची ती एकच सही.

नमुना नापास झाला. चौकशीत सही निघाली काकांची. "वय झालं, हात चुकणारच," साहेब म्हणाले. ताई नखं न्याहाळत बसली. मी सगळं पाहिलं होतं. पण चंबूची साक्ष कोण काढतो? त्याच आठवड्यात काकांना घरी बसवलं. मफलर खुंटीवरच राहिला.

पुढे ओरखडे पडलेली भांडी फेकायचा हुकूम निघाला. ताईने मला मफलरमध्ये गुंडाळलं आणि काकांच्या घरी नेलं. वाटभर ती पुटपुटत होती, "काका, बर्फ मी आणला होता."

दार सुनेने उघडलं. "मागच्या महिन्यात गेले. शेवटपर्यंत एकच विचारत होते, माझं चुकलं कुठे?"

ताईने मफलर तिच्या हातात दिला. मला द्यायचं मात्र तिला सुचलंच नाही, आणि मी तिच्या घरी या खिडकीत आलो.

मित्रांनो, मला फोडू नका एवढंच सांगून थांबलो असतो. पण बर्फ तुम्ही आणला असेल, तर त्याच दिवशी सांगा. ताई रोज सकाळी माझ्यातून पेन्सिल काढते आणि तेच वाक्य पुटपुटते. ऐकायला मी एकटा असतो.