मांजर बसलं घरी

सोळा सप्टेंबरच्या दुपारी दुर्गाबाईंनी वरणात मीठ कमी म्हणून लेकीला बोल लावला, तेच वरण दोन वाट्या प्यायल्या आणि धुतलेलं पांढरं पातळ काढून ठेवायला सांगितलं. उद्या मराठवाडा मुक्तिदिन. उद्या मंठ्यात त्यांचा सत्कार.

सत्कार दरसाल व्हायचा. झेंडा वर गेला की दुर्गाबाईंना खुर्चीवर बसवायचं, शाल पांघरायची, नारळ द्यायचा आणि मग माजी सभापती धर्मराजरावांनी बोलायचं. निजामाच्या राजवटीत पोरवयाच्या दुर्गाबाई जात्यावर ओव्या रचून रानात लपलेल्यांना इशारा द्यायच्या, एवढं सांगायला सभापतींना तासभर लागायचा. त्यातला बराचसा स्वतःच्या आजोबांच्या शौर्यावर जायचा. ते आजोबा तेव्हा निजामाच्या पोलिसांना दूध पुरवत, हे दुर्गाबाईंना पक्कं ठाऊक होतं. भाषण संपलं की दुर्गाबाई आपली कविता म्हणायला माइककडे हात करत. सभापती म्हणत, बाईंना आता त्रास नको. लगेच आभारप्रदर्शन.

कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेली मथुरा पहिल्या रांगेत पर्स चाचपत बसायची. एवढी पुस्तकं वाचून लेक मुकीच निघाली, असं दुर्गाबाईंचं मत होतं.

संध्याकाळी त्यांनी तेव्हाची इशाऱ्याची ओवी म्हणून पाहिली:

पहाटेचं माझं जातं, दळते मी ज्वारी गं,
पाखरा माघारी फिर, मांजर बसलं घरी गं.

"मांजर अजून बसलेलंच हाय," त्या म्हणाल्या. "मथुरे, यंदा तरी त्याला खाली बसव."

"पाहू."

"तुझं पाहू मी जल्मभर पाहून राह्यले."

पहाटे त्या झोपेतच गेल्या.

झेंडावंदन उरकून लाउडस्पीकर तसाच स्मशानात आला. एका भाड्यात दोन्ही कार्यक्रम भागले. पोलिसांनी सलामी दिली, देहावरचा तिरंगा काढला. सभापतींनी देहावर शाल पांघरली. ती आणलेलीच होती. नारळाचं काय करावं ते कुणाला कळेना, म्हणून तो मथुरेच्या हातात दिला. मग खिशातून कागद निघाला, तोही सकाळचाच. त्यात जातं आलं, आजोबा सविस्तर आले आणि शेवटी सभापतींनी आवाज चढवला, "दुर्गाबाईंना परमेश्वर उदंड आयुष्य देवो!"

लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मग एकेक हात जागीच थांबला. सभापतींनी घाम पुसला आणि कागद उलटून पाहिला. मागं काही नव्हतं. तेव्हा त्यांनी नव्याने आजोबांपासून सुरुवात केली.

मथुरेने नारळ आईच्या पायाशी ठेवला आणि पुढे होऊन माइक धरला.

"धर्मराजराव, खाली बसा," ती म्हणाली. "माझ्या आईची कविता राहिलीय."