मानेमागची ऊब

व्हर्ल जॉर्गेन्सनच्या मानेमागे पूर्वी ऊब यायची. शेगडीपुढे बसल्यावर येते तशी नव्हे, कुणीतरी मागून येऊन हलकेच तळवा ठेवावा तशी. समोर खुर्चीत कुणाचं तरी पोर डोळे मिटून बसलेलं असायचं, व्हर्लचे दोन्ही हात त्याच्या डोक्यावर असायचे, आणि ऊब आली की शब्द आपसूक यायचे. तू समुद्रापलीकडे जाशील. तुझा भाऊ तुझ्याशी पुन्हा बोलू लागेल. कुठून यायचे, कसे यायचे, याचा त्याने कधी विचार केला नाही. आले की तो बोलायचा, बस्स.

आमच्या सॅनपीट खोऱ्यात अशा माणसाला कुलपिता म्हणतात. आसपासच्या सगळ्या चर्चमंडळींत मिळून एकच म्हातारा. आयुष्यात एकदा त्याच्यापुढे जाऊन बसायचं, तो बोलेल ते आवाज टिपणाऱ्या यंत्रावर घ्यायचं, टाइप करून कपाटात जपायचं आणि वाईट दिवस आले की काढून वाचायचं. व्हर्ल तसा साधा टर्कीवाला. पिसं झटकण्यात आणि पाखरांचा कलकलाट ऐकण्यात जन्म गेलेला. त्याची निवड झाली तेव्हा लोकांनी नाकं मुरडलीच होती. "तो? अहो, तो जेवणाआधीच्या प्रार्थनेतसुद्धा अडखळतो!" पण एकदा हात ठेवले की असा काही बोलायचा, की नाकं मुरडणारेच नंतर आपली पोरं घेऊन दारात उभे राहिले.

यंत्राचं बटण दाबायला शेजारी त्याची बायको आर्व्हिला बसायची. आशीर्वाद संपला की पहिलं वाक्य तिचंच असे. "अहो, घोटभर पाणी प्या आता. चेहरा बघा कसा पांढराफटक पडलाय."

आर्व्हिला दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. गावातल्या बायकांनी चीज घातलेल्या बटाट्यांची इतकी भांडी आणून दिली, की फ्रिजचं दार लागेना. मग भांडी ज्याच्या त्याच्या घरी परत गेली, आणि व्हर्ल अंथरुणाला लागला. ताप नाही, दुखणं नाही. नुसता भिंतीकडे तोंड करून पडलेला. आणि तिथेच आर्व्हिलाचा आवाज यायला लागला. रागावलेला नव्हे हो, गोड, समजुतीचा. पाखरांच्या शेडमागे तलाव आहे, तिकडे या म्हणायचा. एका सकाळी थोराला, म्हणजे त्याच्या लेकीला, बाप तलावाच्या काठी नुसत्या मोज्यांवर उभा सापडला. तिने आपला कोट त्याच्या खांद्यावर टाकला आणि तशीच गाडीत घालून त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई आमच्यातल्याच, चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या. त्यांनी रोजची एक गोळी लिहून दिली. व्हर्ल कुरकुरला, "गोळ्या खाऊन पवित्र आत्मा कसा यायचा जवळ?"

"ब्रदर जॉर्गेन्सन, देव काही इतका नाजूक नाही," बाई म्हणाल्या. "गोळी घ्यायची, मुकाट्याने."

गोळीने काम केलं. झोप आली, जर्दाळूला चव आली, तलावाकडचा आवाज बंद झाला. एक दिवस टर्कीच्या नराने शेजाऱ्याच्या कुत्र्याला पळवून लावलं तेव्हा व्हर्ल पोट धरून हसला, आणि ते ऐकून थोरा न्हाणीघरात जाऊन रडली.

पण ऊबही बंद झाली. एका पोराच्या डोक्यावर हात ठेवून व्हर्ल वाट बघत राहिला. काही नाही. शेवटी त्याने इतक्या वर्षांत ओठांवर बसलेली वाक्यं एकामागून एक म्हणून टाकली. पोरगं भारावून गळ्यात पडलं आणि व्हर्लला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर कुणी विचारलं की कधी गुडघा पुढे करायचा, कधी सर्दी.

आणि मग मारेन आली. थोराची धाकटी. पॅराग्वेला निघाली होती, मिशनवर, चर्चच्या धर्मप्रचाराला, दीड वर्षासाठी. आजोबांच्या पायाशी सतरंजीवर बसून म्हणाली, "आशीर्वाद तुमच्याच हातचा पाहिजे मला."

"अगं, माझा गुडघा..."

"गुडघ्याने देता का आशीर्वाद?" ती हसली, आणि लगेच गंभीर झाली. "आजोबा, एक सांगू? मम्मीला सांगायचं नाही. मला अजून कधी काही जाणवलेलंच नाही. सगळ्या मुली चर्चमध्ये उठून सांगतात, छातीत कसं उबदार झालं, कसं कळलं. रडतात. मी नुसती बसून राहते. मला वाटतं माझ्यातच काहीतरी कमी आहे. तुम्ही खोटं बोलत नाही. तुमच्या तोंडून काही आलं, तर मी विश्वास ठेवीन आणि जाईन."

झालं! आता म्हाताऱ्याने काय करावं? दोन दिवस गेले, आणि तिसऱ्या सकाळी थोराने बशीत ठेवलेली गोळी त्याने जिभेखाली धरली. थोराची पाठ वळताच मोरीत थुंकली. दुसऱ्या दिवशीही तेच. शहाण्या माणसाने असा वेडेपणा करावा! पण नातीसाठी त्याला खरी ऊब हवी होती, उसनी वाक्यं नको होती.

फेब्रुवारी होता. खोऱ्यात धुकं उतरलं होतं आणि हलायला तयार नव्हतं. टेकडीवरचं आमच्या चर्चचं मंदिर तेवढं धुक्याच्या वर, खालच्या जगाशी काही संबंध नसल्यासारखं पांढरं तरंगायचं. पाखरं धुक्यातून चालत यायची, आधी लाल गळे दिसायचे, मग बाकीचं अंग. व्हर्लला सगळं कसं लांब आणि फार सुंदर वाटायला लागलं. कुंपणाच्या तारेवर गोठलेला थेंब तो कितीतरी वेळ बघत उभा राही. जर्दाळूची चव गेली, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. झोप गेली, तिचंही नाही. स्वयंपाकघरात कुणीतरी बरण्या धुवत गुणगुणतंय असं वाटे, आणि तो आत जाऊन बघत नसे, कारण बघितलं की ती जाईल.

एका दुपारी तो खिडकीशी बसला असताना मानेमागे ऊब आली. तीच! म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली. "आलीस?" तो म्हणाला. उबेला म्हणाला की आर्व्हिलाला, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"कोण आलं, बाबा?" थोराने बाहेरून विचारलं.

"कुणी नाही. मारेनला सांग, येत्या रविवारी."

रविवारी तिघंही, आशीर्वादासाठी उपास धरून, बैठकीच्या खोलीत. मारेन खुर्चीत ताठ बसली. थोरा आईच्या जागेवर, यंत्रापाशी. खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं, जणू घर ढगात नेऊन ठेवलंय. व्हर्लने नातीच्या डोक्यावर हात ठेवले, तिचं पूर्ण नाव घेतलं, आणि ऊब आली. इतकी कधीच आली नव्हती. मानेतून खांद्यात, खांद्यातून बोटांत. शब्द वाहू लागले. तू एफ्राईमच्या, त्या जुन्या कुलपुरुषाच्या, वंशातली. तांबड्या मातीच्या रस्त्यांवरून चालशील. एक म्हातारी तुला दारातच नावाने हाक मारील. थोराच्या अंगावर काटा आला. मारेन डोळे मिटून ऐकत होती.

मग पुढचं वाक्य त्याच्या जिभेवर आलं. 'तू परत येशील तेव्हा तुझा आजोबा नसेल. तो पाण्याच्या वाटेने तिच्याकडे गेलेला असेल, आणि तू रडायचं नाहीस.'

तेवढीच गोड ऊब. तोच समजुतीचा आवाज. एफ्राईमचं वाक्य जिथून आलं, तिथूनच हेही आलं होतं, त्यात तसूभर फरक नव्हता. आणि इतक्या वर्षांत आलेलं एकही वाक्य व्हर्लने गिळलं नव्हतं. ते त्याचं कामच नव्हतं. बोललं की झालं, यंत्रावर चढलं, कपाटात गेलं, आणि मग ते खरं करायला त्याला शेडमागे जावंच लागलं असतं. कुलपित्याचा शब्द तो. जाणं किती सोपं वाटत होतं! बाहेर सगळं पांढरं होतं.

हातांखाली मारेनने हळूच विचारलं, "आजोबा?"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. हात उचलले. तो सोफ्यावर जाऊन बसला.

"थोरा, ते बंद कर. मी गोळ्या घेत नाहीये. बरेच दिवस झाले. मोरीत टाकतोय."

थोरा उठली ती तडक त्याच्या अंगावर. "बाबा! रोज माझ्या हातून बशी घेता आणि... लाज नाही वाटत? मी त्या काठावर किती वाजता पोचले होते आठवतंय? आणखी जरा उशिरा आले असते तर?" तिने बापाचं डोकं पोटाशी धरलं आणि रागारागाने त्याचे केस कुरवाळत राहिली.

त्याने सगळं सांगितलं, जिभेवर आलेलं वाक्यसुद्धा. मारेन पांढरी पडली.

"म्हणजे ऊब खोटीच होती? आधीपासून? सगळ्यांचीच?"

"नाही गं. तसं कसं म्हणू? ती आली म्हणून किती पोरं सुधारली, मी डोळ्यांनी पाहिलंय." व्हर्ल तोंडावरून हात फिरवत म्हणाला. "पण आज दोन्ही एकाच दारातून आले, बाळ. मला वेगळे करता येईनात. फार भीती वाटली."

थोराने गोळ्यांची बाटली आणली. त्याने दोघींसमोर एक गिळली आणि तोंड उघडून जीभ वर करून दाखवली, शाळेतल्या पोरासारखी. डॉक्टरीणबाईंना फोन झाला. त्या म्हणाल्या, घेऊन या, आज रविवार असला तरी घेऊन या.

थोरा कोट शोधायला वळली. मारेन मात्र पुन्हा खुर्चीत जाऊन बसली.

"हात ठेवा, आजोबा."

"अगं, आता काय ठेवू? आता जे येईल त्याचा मला भरवसा नाही."

"जे येईल ते नकोच मला. तुम्ही बोला. मला काही जाणवत नाही हे तुम्हाला माहीत आहे, मग तुम्हालाही जाणवायची काय गरज आहे?"

व्हर्ल उठला. ऊब अजून मानेवर होतीच, ओढत होती, तेच वाक्य पुन्हापुन्हा जिभेवर ठेवत होती. त्याने दात दाबले. यंत्राकडे बोट दाखवलं. थोराने कोट खाली टाकून बटण दाबलं. त्याने नातीच्या डोक्यावर हात ठेवले, आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेत अडखळायचा तसा अडखळत बोलू लागला.

"मारेन. तुझ्यात काही कमी नाही. तुला कधी काही जाणवेल, कधी नाही. नाही जाणवलं तरी लोकांची भांडी घास, त्यांच्या आजाऱ्यांपाशी बस. आणि कधी... कधी एखादा गोड आवाज तुला एकटीला कुठे ये म्हणाला, तर जायचं नाही. आईला फोन करायचा. रात्र असो की दिवस." तो थांबला. धापा टाकत होता. "आणि तू परत येशील त्या दिवशी तुझा आजोबा विमानतळावर उभा असेल. बाकीच्यांसारखाच, हातात तुझ्या नावाचा फलक धरून. हे मला कुणी सांगितलेलं नाही. हे मी सांगतोय. आमेन."

थोराचा हात बटणाकडे गेला.

"थांब," व्हर्ल म्हणाला. "हे शेवटचंही टाइप कर. जसंच्या तसं."